डायल मूळची की रंगवलेली? जुन्या डायव्हर घड्याळांची पार्श्वभूमी

संभाजीनगरच्या गुलमंडी-शहागंज भागात किंवा लातूरच्या गंजगोलाईत जुन्या घडीसाजाकडे गेलात, तर ड्रॉवरच्या तळाशी एखादं जाडजूड, काळ्या डायलचं, फिरत्या बेझलचं (काचेभोवतीच्या कड्याचं) घड्याळ हमखास निघतं. मराठवाड्यापासून समुद्र कोसो दूर, तरी पाणबुड्यांची, म्हणजे पाण्यात बुडी मारून काम करणाऱ्यांची, घड्याळं इथवर पोचली. काही मुंबईमार्गे आली. फाव्र-ल्युबा ही स्विस कंपनी तर 1865 पासून हिंदुस्थानात व्यापार करत होती. सत्तरीच्या दशकानंतर आखातात कामाला गेलेल्या माणसांनी सेको, सिटिझन आणली. आज ही घड्याळं विकत घेणारा पहिला प्रश्न डायलचा विचारतो, कारण किमतीचा मोठा हिस्सा तिच्यावर ठरतो. पण या प्रश्नाचं उत्तर नुसत्या नजरेनं मिळत नाही. त्यासाठी डायली का बदलल्या गेल्या, तो इतिहास ठाऊक असावा लागतो.

सुरुवात 1953 ची. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या जवानांसाठी बॉब मालुबिए आणि क्लोद रिफो या अधिकाऱ्यांना एक घड्याळ हवं होतं: काळी डायल, ठसठशीत आकडे, अंधारात उजळणारे काटे आणि पाण्याखाली गेलेला वेळ मोजायला फिरतं बेझल. ब्लँकपेननं ते ‘फिफ्टी फॅदम्स’ या नावानं बनवलं. पन्नास फॅदम म्हणजे साधारण 91 मीटर. त्याच सुमारास रोलेक्सचं सबमरिनर आलं, 1957 मध्ये ओमेगाचं सीमास्टर 300, आणि 1965 मध्ये सेकोचं 150 मीटरचं पहिलं डायव्हर. गढूळ पाण्यात वेळ दिसणं हा जिवाचा प्रश्न, म्हणून या घड्याळांवर चमकणारा लेप सढळ हातानं लावलेला असे. पुढे डायल खराब होण्याचं आणि ती बदलण्याचं मूळ याच लेपात आहे.

आपल्याकडे ज्याला सरसकट ‘रेडियमचं घड्याळ’ म्हणतात, त्यात खरंखुरं रेडियम साठीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच होतं. रेडियमचा किरणोत्सर्ग जस्ताच्या सल्फाइडवर आदळून उजेड पडतो. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे 1600 वर्षं आहे, त्यामुळे ते आजही जवळजवळ तितकंच जागं आहे. पण सल्फाइड काही दशकांत जळून जातं आणि घड्याळ चमकायचं थांबतं. अमेरिकेत 1920 च्या दशकात डायली रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करत, त्यातून रेडियम पोटात जाई आणि जबड्याची हाडं कुजत. त्यांच्या खटल्यांनी जग हादरलं. म्हणून कळकळीनं सांगतो, जुन्या डायलवरचा लेप नखानं किंवा चाकूनं कधीही खरवडू नका. ती धूळ श्वासात जाणं सगळ्यांत वाईट.

पुढे रेडियमच्या जागी ट्रिटियम हा दुसरा किरणोत्सर्गी पदार्थ आला. स्विस डायलींवर सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘टी’ छापायला लागले. ‘टी 25 पेक्षा कमी’ म्हणजे किरणोत्सर्ग 25 मिलिक्युरीच्या (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) आत. या एका अक्षरानं बरीच कोडी सुटतात. घड्याळ 1956 चं आणि डायलवर ‘टी’ असेल, तर ती डायल नंतर बसवलेली आहे. ट्रिटियमचं अर्धायुष्य जेमतेम 12.3 वर्षं, त्यामुळे 1970 च्या घड्याळात आज त्याचा पाच टक्क्यांहून कमी अंश उरलेला असतो. असं घड्याळ रात्रभर लख्ख चमकत असेल तर लेप नवा आहे, विकणारा काहीही सांगो. नव्वदीच्या दशकात किरणोत्सर्ग नसलेला, उजेड शोषून नंतर परत देणारा लेप आला आणि डायलींवरचं ‘टी’ गेलं.

आता खरी मेख. डायल बदलणारे पहिले हात खुद्द कंपन्यांचे होते. सर्व्हिसला आलेल्या घड्याळाचा लेप विझलेला, डायल डागाळलेली दिसली की ती काढून नवी बसवायची, ही स्वित्झर्लंडातली सर्रास पद्धत. घड्याळ हे वापरायचं साधन होतं, संग्रहात जपायची वस्तू नव्हती. अशी डायल कंपनीचीच असते, पण त्या घड्याळाबरोबर जन्मलेली नसते. ‘ओरिजनल’ म्हणणाऱ्याला यातलं नेमकं काय म्हणायचंय, हे विचारून घ्यावं.

भारतात गोष्ट आणखी पुढे गेली. परदेशी घड्याळांवर आणि सुट्या भागांवर आयातीचे निर्बंध, जबर शुल्क; नवी डायल आणणार कुठून? मग मुंबईतल्या कारागिरांकडून जुनीच डायल घासून, रंग फवारून, नावं पुन्हा छापून यायची. घड्याळ टेबलावर ठेवून ‘नव्यासारखं करून द्या’ असं गिऱ्हाईकच म्हणायचं. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या उन्हात पाणी अडवणाऱ्या रबरी चकत्या, म्हणजे गॅस्केट, वाळून कडक होतात आणि मृगाच्या पहिल्या दमटपणात काचेच्या आत वाफ धरते. अशा ठिकाणी हे काम वारंवार निघे. त्या कारागिरांना मी लबाड म्हणणार नाही. त्यांनी घड्याळं चालती ठेवली. लबाडी तेव्हा होते, जेव्हा तीच डायल आज ‘फॅक्टरीची’ म्हणून विकली जाते. भडक निळ्या-केशरी रंगांतली फाव्र-ल्युबा ‘सी-चीफ’ किंवा ‘सी-किंग’ दिसली तर सावध व्हा. मुळात ही नावंच तेवढी समुद्राची. ती रोजच्या वापराची साधी घड्याळं होती. पाण्याखालची खोली दाखवणारं, खरोखर पाणबुड्यांसाठीचं त्या कंपनीचं घड्याळ म्हणजे ‘बॅथी’.

रंगवलेली डायल ओळखायची तर आधी भिंग घेऊन सगळ्यांत बारीक अक्षरांकडे जा. कारखान्यात धातूच्या पट्टीवर कोरलेला मजकूर मऊ गादीनं उचलून डायलवर उमटवतात, त्यामुळे ‘स्विस मेड’ची अक्षरंही काठाला धारदार असतात. पुन्हा छापताना ती जाड होतात, एकमेकांना चिकटतात, नाहीतर साफ गायब होतात. मिनिटांच्या रेघा लेपाच्या ठिपक्यांशी जुळत नाहीत, तारखेच्या खिडकीच्या कडेवर रंगाचा ओघळ गोलसर साचतो. रोलेक्सच्या साठीतल्या सोनेरी अक्षरांच्या डायलींत तर अक्षरं वरून छापलेली नसतातच. काळ्या थरातून खालचं पितळ दिसत असतं. तिथं सोनेरी शाई उठून आलेली दिसली की विषय संपला.

मग काटे आणि डायल शेजारी ठेवून पाहा. दोन्हींचा लेप सारखा पिवळसर झालेला हवा. डायल साईच्या रंगाची आणि काटे पांढरेशुभ्र असतील तर दोघांपैकी एक नंतरचा आहे. काटे वर्षानुवर्षं एकाच जागी थांबून राहिल्यानं डायलवर पडलेली तपकिरी सावली ही रेडियमची खूण, आणि ती खोटी करणं अवघड.

आखातातून आलेल्या सेकोंचं काम त्यामानानं सोपं. मागच्या झाकणावर मशीनचा आणि केसचा क्रमांक असतो, डायलच्या तळाशी मशीनचा आणि डायलचा. पहिले चार आकडे जुळले पाहिजेत. अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. सेको 6309-7040 हे मॉडेल 1976 पासून 1988 पर्यंत बनत होतं, म्हणून 7 नं सुरू होणारा अनुक्रमांक 1977 किंवा 1987 यांपैकी कोणतंतरी एक वर्ष सांगतो. मात्र या मॉडेलच्या नकली नव्या डायलीही बाजारात भरपूर आहेत आणि त्यांवरही क्रमांक छापलेला असतो. तेव्हा क्रमांक जुळला तरी अंधारात चमक किती वेळ टिकते ते बघाच.

डायल रंगवलेली निघाली तर घरचं घड्याळ पुन्हा घासायला देऊ नका. प्रत्येक घासणीत पितळ पातळ होतं आणि मागचे पाय, ज्यांवर डायल मशीनला घट्ट बसते, ते सैल पडतात. मशीन साफ करून घ्या, गॅस्केट बदला आणि डायल आहे तशी राहू द्या. विकताना मात्र ती रंगवलेली आहे असं स्पष्ट सांगा.