चप्पल स्टँडचा बिल्ला आणि सर्व्हरची आठवण

वेब जन्मापासूनच विसरभोळं आहे, आणि कुकी हा त्या विसरभोळेपणावरचा इलाज. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ च्या दरम्यान ते उभं केलं, तेव्हा त्यांना संशोधकांचे कागद एकमेकांना वाचता यावेत एवढंच हवं होतं. वाचणाऱ्याच्या संगणकातल्या ब्राउझरने पान मागायचं, पानं साठवणाऱ्या सर्व्हर नावाच्या संगणकाने द्यायचं, विषय संपला. पुढच्या क्षणी तोच माणूस दुसरं पान मागायला आला, तरी सर्व्हरच्या लेखी तो परका. कागद वाचण्यापुरतं हे ठीक होतं. पण असा वाणी कल्पून बघा. तुम्ही म्हणता, ‘एक किलो साखर.’ तो पुडी बांधतो. तुम्ही म्हणता, ‘आणि पाव किलो चहा.’ तो वर बघून विचारतो, ‘आपण कोण?’ अशा दुकानात यादी कधी पुरी व्हायची नाही.

१९९४ मध्ये नेमकं हेच दुकान थाटायची वेळ आली. पुढे नेटस्केप म्हणून गाजलेल्या कंपनीकडे एमसीआय ही टेलिफोन कंपनी ऑनलाइन दुकानाचं काम घेऊन आली. तिची एक अट होती: गिऱ्हाइकाची अर्धवट राहिलेली खरेदी आमच्या सर्व्हरवर साठवायची नाही. मग ती ठेवायची कुठे? गिऱ्हाइकाच्याच खिशात, असं उत्तर नेटस्केपच्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने काढलं. सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी लिहून ब्राउझरला द्यायची, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला ब्राउझरने ती चिठ्ठी पुन्हा दाखवायची. युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्यांच्या बोलीत अशा चिठ्ठीला आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत, तेच नाव हिला चिकटलं. बाळगणाऱ्याला तिच्यातलं काही कळायची गरज नसते, देणाऱ्याला कळलं की झालं. त्यांच्याकडे याचं नेहमीचं उदाहरण ड्रायक्लीनरच्या पावतीचं. आपल्याकडे मला देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचा बिल्ला जास्त जवळचा वाटतो. बिल्ल्यावर फक्त ४७. तुमचं नाव नाही, गाव नाही, चपलेचा रंगही नाही. ४७ म्हणजे कुठला कप्पा, ते स्टँडवाल्याला ठाऊक.

खरी कुकी दिसते ती अशीच. पानासोबत सर्व्हर एक ओळ पाठवतो, तिचा अर्थ ‘हा बिल्ला ठेव: क्रमांक अमुक, मुदत तमुक तारखेपर्यंत’. ती ओळ ब्राउझर जपून ठेवतो आणि त्या साइटवर पुढे काहीही मागताना सोबत जोडतो. कुकी हा प्रोग्रॅम नाही, व्हायरस नाही, ती तुमच्या फायली चाळत नाही. साधारण चार हजार अक्षरांत मावणारा तो साधा मजकूर आहे, आणि बहुतेकदा तोही एक लांबलचक निरर्थक आकडाच असतो. ‘लॉगिन करून ठेवा’ या चौकोनात टिक केल्यावर महिनाभर पासवर्ड लागत नाही, तो त्या आकड्यामुळे. म्हणूनच तो आकडा चोरीला गेला तर चोराला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. बिल्ला ज्याच्या हातात, चप्पल त्याची. फुकटच्या नावाखाली डाउनलोड केलेल्या चोरट्या सॉफ्टवेअरमधून हल्ली ब्राउझरच्या कुकीजच उचलल्या जातात, त्या एवढ्यासाठी. अनोळखी फाइल उघडू नका हे सगळेच सांगतात. चोराला नेमकं काय हवं असतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

माँटुली यांच्यासमोर दुसरा, याहून सोपा पर्यायही होता. प्रत्येक ब्राउझरला जन्मतःच एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तो जगातल्या प्रत्येक साइटला दाखवायचा. मग चिठ्ठ्यांची भानगडच नको. तो त्यांनी जाणूनबुजून टाळला, कारण तसं केलं तर चार साइटवाले एकत्र बसून एकाच माणसाचा माग काढू शकले असते. म्हणून कुकीला नियम घातला गेला: ज्या साइटने बिल्ला दिला, तिलाच तो परत दाखवायचा. तुळजापूरचा बिल्ला कोल्हापुरात चालणार नाही. ऑक्टोबर १९९४ मध्ये नेटस्केपचा ब्राउझर कुकीसह बाहेर पडला, आणि तिचं पहिलं काम अगदीच किरकोळ होतं: नेटस्केपच्या साइटवर आलेला माणूस आधी येऊन गेलाय का, ते बघणं.

पण एक फट राहून गेली होती.

वेबपान एका जागेहून येत नाही. मजकूर एका सर्व्हरचा, चित्र दुसऱ्याचं, जाहिरात तिसऱ्याची. पान उघडलं की ब्राउझर ज्याचं त्याच्याकडून आणतो, आणि जिथून आणतो तो प्रत्येक जण आपला बिल्ला देऊ शकतो. आता कल्पना करा, तुळजापूर, कोल्हापूर, शिर्डी, पंढरपूर, सगळीकडच्या चप्पल स्टँडचं कंत्राट एकाच माणसाने घेतलं. नियम मोडलेला नाही, ज्याचा बिल्ला त्यालाच दाखवला जातोय. तरी ४७ नंबरवाला मंगळवारी कुठे होता आणि शुक्रवारी कुठे, ते या कंत्राटदाराला घरबसल्या कळतं. थर्ड पार्टी कुकी म्हणतात ती हीच. देवळाचा पुजारी म्हणजे फर्स्ट पार्टी, आणि त्याला ‘तुम्ही माणसांवर पाळत ठेवता का?’ असं विचारलं तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणेल.

यासाठी दिसणारी जाहिरात असायलाही लागत नाही. एक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, लांब, एक पिक्सेल रुंद, पारदर्शक असं चित्र पुरतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण ते आणायला ब्राउझरला त्या सर्व्हरकडे जावंच लागतं, आणि जाताना आपण कुठल्या साइटवरून आलो तेही तो सांगतो. (ही माहिती नेणाऱ्या ओळीचं नाव ‘रेफरर’. मूळ दस्तऐवजातच या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलं, एक ‘आर’ कमी पडला, आणि तेच चुकलेलं स्पेलिंग आज तीस वर्षं साऱ्या जगात धावतं आहे.) ईमेलमध्येही असं चित्र दडवलेलं असतं. तुम्ही पत्र उघडलं कधी, हे पाठवणाऱ्याला कळतं ते असं.

ही फट जाहिरातवाल्यांच्या लगेच लक्षात आली. वेबवर जाहिराती पोचवणारी डबलक्लिक कंपनी याच सुमाराला उभी राहिली. सामान्य माणसाला कुकी नावाचं काही असतं हे कळलं ते १९९६ च्या फेब्रुवारीत, ‘फायनान्शियल टाइम्स’मधल्या लेखामुळे. तोवर ती वर्षभराहून जास्त काळ लोकांच्या संगणकांत बसलेली होती. १९९७ मध्ये कुकीचं पहिलं अधिकृत मानक आलं. परक्या सर्व्हरच्या कुकीज ब्राउझरने आपणहून स्वीकारू नयेत, असं त्यात चक्क लिहिलं होतं. तेव्हाच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी त्या कलमाकडे दुर्लक्ष केलं. यावर माँटुली यांचं स्पष्टीकरण असं: कुकी निदान वापरणाऱ्याला दिसते, पुसता येते, ती बंद केली असती तर जाहिरातवाल्यांनी न दिसणारं काहीतरी शोधलं असतं. मला हे स्पष्टीकरण अर्धंच पटतं. जाहिरातवाल्यांनी कुकीही वापरली आणि न दिसणारंही शोधलं.

डबलक्लिकला गूगलने घ्यायचं ठरवलं ते २००७ मध्ये, ३१० कोटी डॉलरना. तोवर खेळ खूप पुढे गेला होता. आज तुम्ही एखादं पान उघडता, तेव्हा त्यावरची जाहिरातीची रिकामी चौकट त्याच क्षणी लिलावात निघते. साधारण दशांश सेकंदात बोली लागते, हातोडा पडतो, जाहिरात येते. बोली लावणाऱ्याला हे गिऱ्हाईक कोण, हे कळायला हवं. पण लिलाववाल्याचा बिल्ला वेगळा आणि बोलीवाल्याचा वेगळा, आणि एकाचा दुसऱ्याला वाचता येत नाही. मग दोघे संगनमत करतात. लिलाववाल्याचा अदृश्य पिक्सेल ब्राउझरला बोलीवाल्याच्या दारात पाठवतो आणि पत्त्यालाच चिठ्ठी जोडतो: ‘याला आम्ही ४७ म्हणतो.’ बोलीवाला ब्राउझरचा आपला बिल्ला बघतो, तो ९१२. वहीत नोंद होते, ४७ म्हणजेच ९१२. याला कुकी जुळवणी म्हणतात. १९९४ च्या नियमाला जराही धक्का न लावता, ज्यासाठी तो नियम केला होता तेच नेमकं बाद झालं.

एका दुपारी मी माझ्या लॅपटॉपवर एक मराठी बातम्यांची साइट उघडली आणि ब्राउझरच्या ‘डेव्हलपर टूल्स’मध्ये नेटवर्कचा कप्पा उघडा ठेवला. बातमी होती आंब्याच्या भावाची. ती वाचून होईपर्यंत कप्प्यात ओळी वाढतच होत्या, आणि त्यांतली बहुतेक नावं मी आयुष्यात ऐकलेली नव्हती. मोजायला घेतलं, नंतर कंटाळून सोडून दिलं. वाचकांपैकी ज्यांना हौस आहे त्यांनी एकदा करून बघावं. भाव मात्र चढाच होता.

ब्राउझरवाल्यांनी हळूहळू ही फट बुजवायला घेतली. ॲपलच्या सफारीने २०१७ पासून आवळत आणून मार्च २०२० मध्ये थर्ड पार्टी कुकीज पुरत्या बंद केल्या. फायरफॉक्सने आता प्रत्येक साइटसाठी बिल्ल्यांची वेगळी बरणीच केली आहे. कंत्राटदार तोच असला तरी तुळजापूरच्या बरणीतला बिल्ला कोल्हापुरात निघत नाही. गूगलच्या क्रोमने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं की दोन वर्षांत आम्हीही बंद करू. मग कोर्टात पडाव्यात तशा तारखा पडत गेल्या: २०२३, २०२४, २०२५. जुलै २०२४ मध्ये बेतच गुंडाळला गेला. स्पर्धेचे नियम, जाहिरातदारांची अडचण, अशी कारणं दिली गेली आणि त्यांत तथ्यही आहे. पण क्रोम ज्या कंपनीचा, तिचं पोट जाहिरातींवर चालतं, हे विसरून ही कहाणी वाचता येत नाही.

आणि ‘आम्ही कुकीज वापरतो’ ही पाटी? ती युरोपची देणगी. लोक समजतात तशी ती २०१८ च्या जीडीपीआर या युरोपीय डेटा संरक्षण कायद्यातून निघालेली नाही. तिचं मूळ २००२ च्या आणि २००९ मध्ये दुरुस्त झालेल्या दुसऱ्या निर्देशात आहे. जीडीपीआरने संमती कशाला म्हणायचं त्याची व्याख्या कडक केली. आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असं युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ठरवलं. हो म्हणायला एक क्लिक आणि नाही म्हणायला अनेक, या चलाखीबद्दल फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कुकी हा शब्द नाही. पण संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी लागेल असं त्यात आहे, आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिने. ‘सर्व स्वीकारा’ हे बटण मराठीत आल्यावर तरी वरचा मजकूर कुणी वाचेल का, याची मला उत्सुकता आहे.

कुकी न ठेवताही माणूस ओळखता येतो. पडद्याची मापं, बसवलेले फाँट, वेळेचा पट्टा, ब्राउझरची आवृत्ती, पसंतीची भाषा: एकेक गोष्ट लाखोंकडे सारखी असते, पण सगळ्या एकत्र केल्या की गर्दी विरळ होत जाते. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये जवळपास पावणेपाच लाख ब्राउझर असे तपासले. त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. ब्राउझरला गुपचूप एक चित्र काढायला लावायचं आणि अक्षरांच्या कडा कशा उमटल्या त्यावरून यंत्र ओळखायचं, हाही त्यातलाच प्रकार. इथे मराठी माणसाची एक गंमत आहे. पुण्यात बसून ब्राउझरची भाषा मराठी ठेवली तर तुम्ही गर्दीतले एक. तीच सेटिंग घेऊन डब्लिनला गेलात, की वेळ आयर्लंडची आणि भाषा मराठी अशी माणसं किती? मातृभाषेचा अभिमान तिथे ठशासारखा उमटतो.

फोनवर तर कुकीचीही गरज उरली नाही. ॲप बनवणारे जाहिरातीचे, मोजणीचे तयार तुकडे बाहेरून आणून आपल्या ॲपमध्ये बसवतात, त्यांना एसडीके म्हणतात. टॉर्चच्या ॲपमधला तुकडा आणि पत्रिका जुळवण्याच्या ॲपमधला तुकडा एकाच कंपनीचा असू शकतो. दोघांना तुम्ही एकच, हे कळावं म्हणून फोनमध्येच एक जाहिरात-क्रमांक असतो, ३२ अंकाक्षरांचा, सगळ्या ॲपना सारखाच दिसणारा. माँटुली यांनी १९९४ मध्ये नाकारलेला तो क्रमांक तो हाच, यंत्रागणिक एक आणि सगळ्यांना दाखवायचा. ॲपलने एप्रिल २०२१ पासून हा क्रमांक वाचण्याआधी माणसाला विचारणं सक्तीचं केलं. विचारल्यावर लोक काय म्हणाले असतील, ते फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या हिशेबावरून कळतं: २०२२ मध्ये सुमारे १,००० कोटी डॉलरचा फटका बसेल, असा तिचाच अंदाज होता.

ॲप आणि ब्राउझर यांच्यामधली भिंत तरी शाबूत असेल, असं वाटत होतं. जून २०२५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की अँड्रॉइडवर फेसबुक आणि इन्स्टाग्रामची ॲप पार्श्वभूमीत फोनच्या आतल्याच एका दारावर कान लावून बसत होती. साइटवरचा मेटाचा पिक्सेल आपल्या कुकीचा क्रमांक त्या दारातून आत सरकवायचा, आणि ॲपला तर तुमचं नाव माहीतच असतं. इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, उघडा, कुकीज पुसा, फरक पडत नव्हता. यांडेक्स ही रशियन कंपनी असाच प्रकार २०१७ पासून करत होती. बोभाटा होताच मेटाने तो बंद केला.

अँड्रॉइडवर तो जाहिरात-क्रमांक पुसता येतो. सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात जाहिराती, त्यात ‘जाहिरात आयडी हटवा’. पुसल्यावर एखाद्या ॲपने क्रमांक मागितला तर त्याला ३२ शून्यं मिळतात. मी गेल्या वर्षी तो पुसला. जाहिराती काही कमी झाल्या नाहीत. पूर्वी मला प्रेशर कुकर दाखवायचे, आता ट्रॅक्टरचे टायर दाखवतात.