मेरी सुरॅटच्या घरात सगळेच कटवाले होते?

वॉशिंग्टनमधलं मेरी सुरॅटचं बोर्डिंग हाऊस म्हणजे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या मारेकऱ्यांचा अड्डा, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. उत्तर आणि दक्षिण राज्यांच्या यादवी युद्धात राजधानी उत्तरेची असली तरी शहराचं वळण दक्षिणी होतं. 1862 पर्यंत तिथे गुलामगिरी कायदेशीर होती. मेरीबाई शेजारच्या मेरीलँडमधल्या, विधवा आणि कर्जबाजारी. 1864 च्या शरद ऋतूत त्या एच स्ट्रीटवर आल्या आणि खोल्या भाड्याने देऊ लागल्या.

भाडेकरू कोण? होलोहान कुटुंब, एक लहान शाळकरी मुलगी, मेरीबाईंच्याच खोलीत झोपणारी ऑनोरा फिट्झपॅट्रिक आणि लुई वाइकमन. हा वाइकमन चक्क केंद्र सरकारच्या युद्ध खात्यात कारकून! ज्या घरात लिंकनवर गोळी झाडणाऱ्या बूथची ये-जा होती, मेरीबाईंचा मुलगा जॉन दक्षिणेचे गुप्त निरोप पोचवत होता, तिथेच तो जेवत होता. कटातला लुईस पॉवेल मात्र धर्मोपदेशक म्हणून नाव बदलून काही दिवस राहून गेला.

17 एप्रिल 1865 च्या रात्री पोलीस घरात असतानाच पॉवेल कुदळ घेऊन दारात उभा राहिला. म्हणे, गटार खणायला आलोय! रात्री अकरानंतर! मेरीबाईंनी त्याला ओळखत नसल्याचं सांगितलं, आणि ते त्यांना फार महागात पडलं. 7 जुलैला त्यांना फाशी झाली. वाइकमनच्या साक्षीचा त्यात मोठा वाटा होता.

त्यांना कटाची कितपत कल्पना होती, यावर इतिहासकार अजूनही भांडतात.