उपग्रहाचा फोटो आणि वेळेची अचूकता: बेकर-नन कॅमेऱ्याची पार्श्वभूमी

उपग्रहातला ट्रान्समीटर बंद पडला, तरी तो कुठे आहे हे कळायलाच हवे. म्हणून आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी (१९५७-५८) अमेरिकेच्या स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक फ्रेड व्हिपल यांनी जगभर १२ कॅमेरा केंद्रांचे जाळे आखले. भिंग-आरशांची रचना जेम्स बेकर यांची, यांत्रिक भाग जोसेफ नन यांचा.

कॅमेऱ्याचे छिद्र सुमारे ५० सेंमी आणि नाभीय अंतरही तेवढेच, म्हणजे दोहोंचे गुणोत्तर एफ/१. पुढे तीन भिंगांचा संच, मागे ७८ सेंमीचा आरसा, आणि ५५ मिमी रुंद फिल्मवर ५ × ३० अंशांचे आकाश. प्रतिमा वक्र पृष्ठावर पडत असल्याने फिल्म वक्र आधारावर ताणून बसवावी लागे. ताण सैल पडला की कडेचे तारे पसरट दिसत.

कॅमेरा उपग्रहाबरोबर फिरवला की उपग्रहाचा ठिपका उठे आणि ताऱ्यांच्या रेघा. अंधुक उपग्रहासाठी हाच मार्ग, पण भाकीत केलेली गती चुकली तर त्याचा प्रकाश फिल्मवर पसरून प्रतिमा फिकी पडे. शिवाय केंद्र अंधारात आणि उपग्रह उन्हात हवा. त्यामुळे खालच्या कक्षेतल्या उपग्रहांसाठी संध्याकाळ आणि पहाटेच कामाची.

खरी कसोटी मात्र वेळेची होती. १,००० किमी उंचीवरचा उपग्रह एका मिलिसेकंदात सात मीटरांहून थोडे जास्त अंतर कापतो. डोक्यावरून जाताना हा फरक दीड विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) भरतो. फिल्मवरचे मोजमाप साधारण दोन विकलांपर्यंत अचूक असे, म्हणजे घड्याळ काही मिलिसेकंदांनी जरी चुकले तरी उत्तम फोटो वाया! म्हणून प्रत्येक चौकटीवर क्रिस्टल घड्याळाची वेळ उमटवली जाई. हे घड्याळ रेडिओवरच्या वेळेच्या संकेतांशी जुळवताना संकेताच्या प्रवासासाठी दर ३०० किमीला एक मिलिसेकंद विलंब धरावा लागे.

बारापैकी एक केंद्र नैनितालला, तिथल्या राज्य वेधशाळेच्या सहकार्याने उभे राहिले आणि १९७६ पर्यंत चालले. केंद्रावर फिल्मचे ढोबळ वाचन करून स्थान टेलिप्रिंटरने कळवत. बारीक मोजणी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला होई. त्यासाठी ताऱ्यांची स्थानेही तितकीच पक्की लागत, म्हणून १९६६ मध्ये २,५८,९९७ ताऱ्यांची एसएओ (स्मिथसोनियन वेधशाळेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) सूची निघाली. पुढे लेझरने उपग्रहाचे अंतर थेट मोजता येऊ लागले आणि फिल्मचे काम आटोपत गेले.