पीपीआर : विषाणू एकच, मग लस देशी की परदेशी?

शेळ्या-मेंढ्यांतल्या पीपीआर (पेस्ट दे पेटिट रुमिनंट) या विषाणूजन्य साथरोगाची भारतातली कहाणी १९८७ पासून मोजायची पद्धत आहे. त्या वर्षी तमिळनाडूत, आजच्या विलुप्पुरम जिल्ह्यातल्या अरसूर गावी मेंढ्यांत मर लागली आणि तपासणीत पीपीआर निघाला. आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमध्ये हा रोग १९४२ सालीच नोंदला गेला होता. आपल्याकडे मात्र शेळी-मेंढीत अशी लक्षणं दिसली की बुळकांडीचं (गाई-म्हशींच्या रिंडरपेस्ट या साथीचं) नाव टाकून मोकळं व्हायचं. चूक अगदी अनाठायी नव्हती. दोन्ही विषाणू एकाच कुळातले. ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, हगवण हेही सारखंच. हिरड्यांवर आणि ओठांच्या आत कोंडा चिकटल्यासारखा मेलेल्या पेशींचा थर, नाकपुड्या वाळलेल्या शेंबडाने बुजलेल्या आणि त्यात न्यूमोनिया, असं जनावर एकदा पाहिलं की विसरत नाही. तरीही सुरुवातीला गोठ्यात त्याला ‘मावा’ म्हणून हळद-तेल लावलं जातंच.

१९९४ पासून उत्तर भारतातून नोंदी येऊ लागल्या. रोग तिकडे तेव्हा पोचला की रोग ओळखायची साधनं तेव्हा पोचली, यावर दोन मतं आहेत. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे.

याच सुमारास विषाणूची जनुकीय छाननी सुरू झाली. पीपीआरचा जीनोम, म्हणजे विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर, सुमारे १५,९४८ अक्षरांचा, त्यात सहा जनुकं. सगळा वाचणं तेव्हा परवडणारं नव्हतं, म्हणून एफ जनुकाचा ३२२ अक्षरांचा तुकडा घेऊन जगभरचे नमुने ताडले गेले आणि चार वंशशाखा ठरल्या. आशियातले बहुतेक विषाणू चौथ्या शाखेत बसले. १९९२ मधल्या तमिळनाडूच्या एका नमुन्यात तिसरी शाखा निघाली खरी, पण पुढे ती इथे रुजल्याचं दिसलं नाही. नंतर एन जनुकाचा तुकडा वापरात आला आणि पहिल्या-दुसऱ्या शाखांच्या क्रमांकांची अदलाबदल झाली. जुने आणि नवे शोधनिबंध शेजारी ठेवून वाचणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं.

खरा वाद लसीचा. पीपीआरची स्वतंत्र लस येण्याआधी बुळकांडीची लसच शेळीला टोचली तर पीपीआरपासूनही संरक्षण मिळे आणि आफ्रिकेत ती तशी वापरलीही गेली. पण बुळकांडी निर्मूलनाची मोहीम शेवटाला आली तशी ही सोय अडचणीची झाली. लस टोचलेल्या शेळीच्या रक्तात बुळकांडीची प्रतिपिंडं सापडणार, मग देश रोगमुक्त आहे हे सिद्ध कसं करायचं? त्यामुळे पीपीआरची स्वतंत्र लस हवी होती. ती तयारही होती : १९७५ मध्ये नायजेरियातल्या शेळीतून मिळालेला विषाणू पेशीसंवर्धनात पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केलेला. नेपाळ आणि चीनने पुढे हीच लस स्वीकारली.

भारताने ती घेतली नाही. हिमाचल प्रदेशातल्या सुंगरीचा १९९६ चा, अरसूरचा १९८७ चा आणि कोइमतूरचा १९९७ चा असे तीन विषाणू सौम्य करून देशी लसी बनल्या. राष्ट्रीय कार्यक्रमात सुंगरीचंच पारडं जड राहिलं. ‘आपला विषाणू चौथ्या शाखेचा, म्हणून लसही चौथ्या शाखेचीच हवी’ हे समर्थन तेव्हापासून ऐकू येतं. ते पटायला सोपं आहे, पण तितकंसं बरोबर नाही. शाखा चार असल्या तरी पीपीआरचा सीरोटाइप, म्हणजे प्रतिकारशक्तीला दिसणारा प्रकार, एकच. एका शाखेची लस चारही शाखांना रोखते. चौथी शाखा पुढे सुदान, मोरोक्को, इथिओपियापर्यंत पसरली, तिथेही नायजेरियाची लस निकामी ठरलेली नाही.

देशी लसीची खरी बाजू वेगळी आहे. जिवंत लस म्हणजे जिवंत विषाणू. वेगळ्या शाखेचा नायजेरियाचा विषाणू हौसेने देशात का आणायचा, हा सवाल रास्त होता. बीजविषाणू, म्हणजे ज्यापासून लस वाढवतात तो मूळ विषाणू, आपला असला की उत्पादनासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. उलट बाजूही आहे, आणि तिची चर्चा कमी होते. लस आणि रानातला रोग दोन्ही चौथ्या शाखेचे असल्याने आजारी जनावराच्या नमुन्यात सापडलेला विषाणू लसीचा की साथीचा, हे केवळ शाखा पाहून सांगता येत नाही. नायजेरियाची लस वापरणाऱ्या शेजाऱ्यांना हे सहज जमतं. रोग भरपूर होता तोवर याने फारसं बिघडत नव्हतं. निर्मूलनाच्या शेवटच्या टप्प्यात, जिथे एकेक नमुना मोलाचा, तिथे बिघडेल.

२०१० च्या सुमारास नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यात दक्षिणेच्या राज्यांबरोबर महाराष्ट्र आणि गोवाही होते. २०१५ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला जागतिक आराखडा ठरला; उद्दिष्ट २०३० पर्यंत निर्मूलन. २०१९ च्या पशुगणनेत देशात १४.८९ कोटी शेळ्या आणि ७.४३ कोटी मेंढ्या होत्या, म्हणजे आवाका केवढा ते कळावं. एका टोचणीचं संरक्षण तीन वर्षांहून अधिक टिकतं, पण बोकड बाजारात जातात, करडं-कोकरं दरवर्षी नवी येतात आणि आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती तीन-चार महिन्यांत ओसरते. गावातल्या गोठ्यात हे वेळापत्रक कसंबसं जुळतं. पावसाळ्यानंतर माण-खटाव किंवा आटपाडीकडून कोकणात उतरणाऱ्या धनगर वाड्याचं, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या कुटुंबांच्या तांड्याचं, तसं नाही. वाटेत शेतात मेंढरं बसवत, दर मुक्कामी नव्या कळपांच्या शेजाराने तो पुढे जातो. कोकरं टोचण्याजोगी होतात तोवर वाडा दुसऱ्याच जिल्ह्यात असतो. त्यामुळे वाडे निघण्यापूर्वी एक फेरी आणि परतल्यावर दुसरी, अशी मागणी मेंढपाळांकडूनच होत असते.