छातीचा पट्टा ते तीन बॉल

गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या बायपासवर मामांची स्कूटर घसरली. डावीकडच्या चार बरगड्या मोडल्या, बाकी खरचटण्यावर निभावलं. दुसऱ्याच दिवशी वॉर्डातल्या फिजिओवाल्या मुलीने त्यांच्या हातात तीन बॉलचं प्लास्टिकचं यंत्र दिलं. नळीतून श्वास आत ओढायचा आणि बॉल वर उचलायचे. रामबागेतल्या मोठ्या मावशी भेटायला आल्या होत्या, त्या बघतच राहिल्या. "अगं बाई, आधी छाती बांध की! आमच्या वेळी घट्ट पट्टा मारून आडवं ठेवायचे."

मावशी चुकीचं सांगत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चिकटपट्टीने छाती आवळणं हा सर्रास चालणारा उपाय होता. दुखणं कमी व्हायचं हे खरं, पण श्वासही तेवढाच आखूड व्हायचा. दुखऱ्या बरगडीचा माणूस आधीच उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो. फुफ्फुसाच्या तळाकडच्या हवेच्या पिशव्या मिटतात, कफ तिथेच साचतो आणि दोन-चार दिवसांत न्यूमोनिया गाठतो. असं मिटलेलं फुफ्फुस 1908 ते 1910 च्या सुमारास लंडनच्या विल्यम पाश्चर यांनी नीट वर्णन करून ठेवलं होतं (हे लुई पाश्चर नव्हेत). पहिल्या महायुद्धात छातीला जखम झालेल्या सैनिकांना श्वासाचे व्यायामही देऊन झाले होते. तरी पट्टा काही सुटला नाही.

मग गाडी एकदम दुसऱ्या टोकाला गेली. 1952 च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनला ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी घालून हाताने हवा भरायला लावली. मेडिकलची मुलं पाळ्या लावून पिशव्या दाबत बसायची. तिथून व्हेंटिलेटरवरचा विश्वास वाढला. 1956 मध्ये एव्हरी आणि सहकाऱ्यांनी चेंगरलेल्या छातीसाठी तोच मार्ग सुचवला: मोडका पिंजरा बाहेरून बांधू नका, आतून हवेच्या दाबाने सावरा. पुढची जवळजवळ 20 वर्षं बरगड्या खिळखिळ्या झालेला पेशंट आला की त्याला मशीनवर टाकायचं, असंच चाललं. नळी आली की तिच्यामागून जंतुसंसर्गही यायचा. 1975 मध्ये टेक्ससच्या ट्रिंकल यांनी दाखवलं, की दुखणं नीट आवरलं आणि कफ काढत राहिलं तर यातल्या बऱ्याच जणांना मशीन लागतच नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच. तोवर सगळं लक्ष हाडाकडे होतं, ते आता श्वासाकडे गेलं.

ज्यांना मशीन लागतंच, त्यांच्यासाठीही नियम बदलले. 1999 मध्ये बार्सिलोनाच्या एका अभ्यासात उताणं झोपवलेल्यांपैकी 34 टक्क्यांना न्यूमोनियाचा संशय आला, डोक्याकडची बाजू 45 अंश उचललेल्यांपैकी फक्त 8 टक्क्यांना. पलंगाचा दांडा फिरवायचा, खर्च शून्य! 2000 साली फुफ्फुसं गंभीर बिघडलेल्यांसाठी मशीनचा श्वासही लहान झाला, वजनाच्या किलोमागे 12 ऐवजी 6 मिलीलिटर. त्याच वर्षी सिॲटलहून आलेला आकडा घरातल्या म्हाताऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे: पासष्टीपुढे मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीमागे न्यूमोनियाचा धोका 27 टक्क्यांनी वाढतो.

आणि ते तीन बॉलचं खेळणं? ते 1970 च्या दशकात बार्टलेट या अमेरिकन सर्जनच्या कामातून पुढे आलं. पोटाच्या ऑपरेशननंतर नुसत्या त्याचा वेगळा फायदा पुढच्या आढाव्यांत ठोस दिसला नाही; पण माणसाला श्वास ओढायला लावायचं काम ते करतं.

मामांच्या पाठीत बारीक नळी घालून भूल चालू होती, म्हणून तर ते ओढू शकत होते. खोकायच्या वेळी ती मुलगी उशी मोडलेल्या बाजूवर दाबून धरायला लावायची. "काका, झटका नको. हळू, लांब, आणि बॉल वर धरून ठेवा." तिसऱ्या दिवशी 600 आणि 900 लिहिलेले दोन बॉल उचलले. 1200 चा घरी आल्यावर हलला. मावशींनी मेडिकलवरून आणलेला पट्टा अजून कपाटात आहे, खोकासुद्धा उघडलेला नाही.