बाप्तिस्म्यापूर्वीची दीक्षा

ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्या प्रौढ व्यक्तीला बाप्तिस्मा (पाण्याने होणारा चर्चप्रवेशाचा संस्कार) देण्याआधी शिकवण, प्रार्थना आणि आचरणाची पारख यांतून नेणारा क्रम. शिष्य करा, बाप्तिस्मा द्या आणि मी जे आज्ञापिले ते पाळायला शिकवा, ही येशूची आज्ञा (मत्तय २८:१९-२०) त्याच्या मुळाशी आहे.

‘दिदाखे’ ही अगदी आरंभीच्या काळातील छोटी नियमपुस्तिका जीवनाचा मार्ग आणि मृत्यूचा मार्ग यांच्या शिकवणीने सुरू होते. बाप्तिस्म्याचा विषय त्यानंतर येतो. उमेदवाराने आधी एक-दोन दिवस उपवास करावा, बाप्तिस्मा देणाऱ्यानेही करावा. पाणी शक्यतो वाहते. ते नसेल तर दुसरे, थंड न चालल्यास कोमट, आणि तेवढेही नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. पाण्याबाबत इतकी सवलत, उपवासाबाबत मात्र नाही.

रोमच्या हिप्पोलितसच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या (कर्तृत्व वादग्रस्त) ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात श्रवणाचा, म्हणजे शिकवण ऐकण्याचा, काळ तीन वर्षे आहे. तळमळ दिसल्यास तो कमी करता येतो, कारण पाहायचे ते वागणे. प्रथम धंद्याची चौकशी होई. मूर्ती घडवणारा, कुंटणखाना चालवणारा, रिंगणात प्राणघातक झुंज खेळणारा (ग्लॅडिएटर) यांनी तो धंदा सोडावा, नाहीतर परत जावे. शिपायाने हुकूम झाला तरी कोणाला ठार मारू नये. लौकिक विद्या शिकवणाऱ्या पंतोजीला मात्र पोटापाण्याचे दुसरे साधन नसेल तर मुभा होती. शेवटच्या निवडीच्या वेळी प्रश्न असे: विधवांचा मान राखला का? आजाऱ्यांना भेटलास का? उत्तर उमेदवाराने नव्हे, त्याला घेऊन येणाऱ्याने द्यायचे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला गेलेल्या एगेरिया या यात्रेकरू स्त्रीने तिथली पद्धत टिपून ठेवली आहे. बिशप एकेकाच्या शेजाऱ्यांना विचारी, हा आईवडिलांना मान देतो का, दारुडा किंवा खोटारडा तर नाही? परगावच्या माणसाला ओळख देणारे कोणी नसेल तर त्याचा बाप्तिस्मा सहजी होत नसे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात रोज सकाळी तीन तास शिकवण चाले. पहिले पाच आठवडे शास्त्रवचने, मगच विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचे ठरलेले थोडक्यातले निवेदन. तो कागदावर उतरवू नका, मनात कोरा, अशी बिशप सिरिलची ताकीद होती. ईस्टरच्या रात्री उमेदवार पश्चिमेकडे, अंधाराच्या दिशेला, तोंड करून सैतानाला नाकारी. मग पूर्वेकडे वळून विश्वास कबूल करी. पाण्यात काय घडले याचा उलगडा बाप्तिस्म्यानंतरच्या आठवड्यात होई.

हा क्रम ढासळण्याची कारणे दोन. बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या गंभीर पापाला प्रायश्चित्त कडक असल्याने पुष्कळजण बाप्तिस्माच लांबणीवर टाकू लागले; सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ मध्ये मृत्युशय्येवरच घेतला. दुसरीकडे राजाश्रयामुळे गर्दी वाढली, आणि अर्भकांचा बाप्तिस्मा रूढ झाल्यावर प्रौढांच्या तयारीचे विधी नावापुरते उरले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक बिशपांची जागतिक सभा, १९६२-६५) या क्रमाच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला आणि १९७२ मध्ये कॅथलिक चर्चने प्रौढांसाठी नवा विधी प्रसिद्ध केला. त्यात प्राथमिक चौकशी, शिकवण, उपवासकाळातील शुद्धी आणि ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंतचे (ईस्टरच्या पन्नासाव्या दिवशीचा, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) मनन असे चार काळ आहेत. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी निवड होते. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्री, जन्मांध आणि लाजर यांच्या प्रसंगांची वाचने घेऊन उमेदवारांसाठी प्रार्थना होते. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (तैलाभ्यंगाने श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर व द्राक्षारस) एकापाठोपाठ मिळतात. व्यवहारात बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. लग्नाची तारीख ठरलेली असते म्हणून शिकवणीचा काळ आटोपता घेतला जातो. आणि सोबती म्हणून नेमलेला माणूस सहीपुरता उरतो, मग ईस्टरनंतर नवख्याची विचारपूस करायला कोणी नसते.

सोळाव्या शतकातल्या गोव्यात सामुदायिक बाप्तिस्मे झाले आणि शिकवणीचा बराचसा भाग मागाहून आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) याच गरजेतून, नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी लिहिले गेले. रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हे शिष्यमंडळ स्थापताना प्रश्न वेगळ्याच बाजूने मांडला: येशूचे शिष्यत्व पत्करलेल्यांना, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्यात प्रवेश होता.