सातबारा आणि मालकी : एका जुन्या गैरसमजाची पार्श्वभूमी

जमिनीचा वाद निघाला की गावात पहिला प्रश्न ‘सातबारा कुणाच्या नावावर आहे?’ हाच विचारला जातो, आणि ज्याचे नाव निघेल तोच मालक असे धरून पुढची बोलणी होतात. हा शब्द बोलण्यात इतका मुरला आहे की ‘पक्षाचा सातबारा कुणाच्या बापाच्या नावावर नाही’ असे पुढारी एकमेकांना सुनावतात आणि कर्जमाफीची मागणी ‘सातबारा कोरा करा’ एवढ्या तीन शब्दांत मावते. प्रत्यक्ष उतारा हातात घेऊन पाहिला तर मात्र नावांच्या रकान्यावर ‘मालकाचे नाव’ असे छापलेले नसते; तिथे ‘भोगवटादाराचे नाव’, म्हणजे जमीन धारण करून तिचा उपभोग घेणाऱ्याचे नाव, असते. या एका शब्दामागे जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

पेशवाई संपल्यावर मुंबई इलाख्याच्या सरकारला दख्खनमध्ये पहिली काळजी होती ती सारावसुलीची. प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागात केलेल्या मोजणीत निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा धरला गेला. तो रयतेला झेपला नाही आणि इंदापूरसारख्या तालुक्यांत जमिनी पडीक पडू लागल्या. म्हणून १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरातच नव्याने मोजणी सुरू केली. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक शेताला स्वतंत्र क्रमांक मिळाला, जमिनीची प्रत आण्यांत ठरली आणि सारा तीस वर्षांसाठी बांधला गेला. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची होती, त्यामुळे एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. आज शहरालगत गुंठ्याच्या भावाने प्लॉट घेणारा माणूस नकळत त्याच साखळीने मोजत असतो. मात्र या सगळ्या खटाटोपातून सरकारला एवढेच ठरवायचे होते की कोणत्या तुकड्यावर किती सारा बसवायचा आणि तो कुणाकडून घ्यायचा. जमीन कायद्याने कुणाची, हा प्रश्न त्या मोजणीने सोडवला नाही. जो सारा भरील तो खातेदार, असा तो व्यवहार होता, आणि १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेनेही त्याला मालक न म्हणता भोगवटादारच म्हटले.

पुढच्या काळात सरकारी खात्यावर एकाचे नाव आणि प्रत्यक्ष कब्जा दुसऱ्याचा, अशी स्थिती होऊ लागली. जमीन आता हस्तांतर करता येण्याजोगी झाली होती, तिच्यावर कर्ज मिळत होते आणि कर्जापोटी ती सावकाराकडे जात होती. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि तिथून पसरलेल्या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख कर्जरोखे व हिशेबाची कागदपत्रे जाळण्यावर होता, हे विसरता येत नाही. कागदाने जमीन जाते हा अनुभव लोकांना असा सातबाऱ्याच्याही आधी आलेला होता. १९०१ मध्ये सरकारने, काही जमिनी जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशी शर्त घालण्याची मुभा देणारे विधेयक आणले, तेव्हा फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि काही सभासद निषेध म्हणून मुंबई विधिमंडळातून उठून गेले. आजच्या उताऱ्यावरील ‘भोगवटादार वर्ग २’ ही नोंद त्याच शर्तीच्या घराण्यातली आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०३ मध्ये, हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा झाला, आणि १९१३ मध्ये तो मूळ संहितेतच घालण्यात आला.

त्या तरतुदीतले एक वाक्य पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ मध्ये जवळपास जसेच्या तसे उतरले. अधिकार अभिलेखातील, म्हणजे जमिनीवरील हक्कांच्या सरकारी नोंदवहीतील, नोंद आणि प्रमाणित झालेला फेरफार, म्हणजे त्या नोंदीतील बदल, विरुद्ध शाबीत होईपर्यंत किंवा त्याजागी कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंत, खरा मानला जाईल, असा त्याचा आशय आहे. ‘विरुद्ध शाबीत होईपर्यंत’ हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षिले जातात तेही हेच. सातबारा हे नावसुद्धा कायद्याचे नाही: गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद, आणि दोन्ही एकाच कागदावर येत असल्यामुळे लोकांनी आकडे जोडून त्याला नाव दिले.

नोंद कशी होते ते पाहिले म्हणजे तिची मर्यादा कळते. खरेदी, वाटप, मृत्यू, काहीही घडले की तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, मजकूर लिहितो, संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडून नवे नाव चढते. या सगळ्यात मृत्युपत्र खरे की खोटे, बक्षीसपत्र दबावाखाली झाले की राजीखुशीने, याचा अंतिम निवाडा कुठेही होत नाही. तो अधिकार दिवाणी न्यायालयाचा आहे. मालकी जाते ती दस्ताने: १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. त्यामुळे फेरफार अडला म्हणून झालेली खरेदी रद्द होत नाही आणि फेरफार मंजूर झाला म्हणून खोट्या दस्तात प्राण येत नाही.

जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे दिसतात. एकत्र कुटुंब मॅनेजर असा त्याचा अर्थ. म्हणजे सारा भरण्यासाठी आणि नोटीस घेण्यासाठी एकाचे नाव, हक्क मात्र सगळ्यांचा. पुढे कधीतरी उतारा नव्याने लिहिताना ती तीन अक्षरे गळतात, थोरल्याची मुले ‘आमच्या बापाच्याच नावावर होती’ म्हणू लागतात आणि धाकट्याची मुले उगाचच हाय खातात. बहिणींच्या बाबतीत हे अधिकच घडते. नाव लागले नाही म्हणून हिस्सा बुडाला, असे त्यांना सांगितले जाते आणि त्याही ते मानतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला; नोंद राहून गेली म्हणून तो हक्क आपोआप संपत नाही. हक्कसोडपत्रावर सही केली असेल तर गोष्ट निराळी.

तरीही लोकांचा समज निव्वळ अडाणीपणाचा आहे असे मला वाटत नाही, कारण तो रुजवण्यात सरकारचाही हात आहे. १९४८ च्या कूळ कायद्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ रोजी, कृषक दिनी, कसणाऱ्या कुळांनी जमीन खरेदी केली असे मानले गेले, आणि कोण कूळ होते हे ठरवताना सातबाऱ्यावरील कुळाचा रकाना व पीकपाण्याची नोंद यांना मोठे वजन आले. ‘पीकपाण्याला नाव लागले की जमीन गेली’ ही धास्ती त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीतून आली आहे. शेतजमीन विकत घ्यायची तर आधी शेतकरी असल्याचा दाखला म्हणून सातबारा मागितला जातो, सोसायटीच्या कर्जाचा बोजा ‘इतर हक्क’ रकान्यात चढतो, नुकसानभरपाईचे पैसे उताऱ्यावरील नावालाच मिळतात. ज्या कागदावाचून एक काम होत नाही तो मालकीचा पुरावा नाही, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला पटणार कसे?

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुढेही वारंवार सांगितले की महसुली फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. यावरून काही जण उलट टोक गाठून सातबारा म्हणजे रद्दी असे बोलतात. तेही चूक आहे. नाव ज्याचे आहे त्याच्या बाजूने कलम १५७ चे अनुमान उभे असते आणि ते खोडण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. गोव्यात सातबाऱ्यासारखाच जो ‘एक-चौदा’चा उतारा असतो त्याचेही थोडेबहुत असेच आहे, फक्त तिथे पोर्तुगीज काळातील नोंदणीचे जुने कागदही वादात पुढे येतात.

सरकारनेच मालकीची हमी द्यावी, ही पद्धत दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून आहे. भारतात २००८ च्या केंद्रीय भूमी अभिलेख कार्यक्रमाने ते ध्येय म्हणून स्वीकारले. आंध्र प्रदेशाने तसा कायदा करून २०२३ मध्ये लागू केला, तो २०२४ च्या निवडणुकीत प्रचाराचा मुद्दा झाला आणि नव्या सरकारने त्याच वर्षी तो रद्द केला. महाराष्ट्रात नोंदी संगणकावर आल्या, २०२१ पासून पीक पाहणी शेतकऱ्याच्या मोबाइलवर गेली. रकान्यावरचा शब्द मात्र अजून ‘भोगवटादार’ हाच आहे.